जटायूचा घास

ट्रॉलीतून गाय उतरवायच्या आधी धोंडीरामनं भागीबाईला विचारलं, "मावशी, शेवटी शेवटी हिला सुई टोचली होती का?"

हरसूलच्या वरच्या अंगाला उघडा माळ. गावात मेलेलं जनावर तिथं गिधाडांसाठी टाकतात, आणि राखणीला धोंडीराम. एकोणीस दिवसांत एकही ढोर आलं नव्हतं. कड्यावरच्या घरट्यात पिल्लू होतं. ट्रॉली दिसली तशी आठ-दहा गिधाडं डोक्यावर घिरट्या घालायला लागली होती.

भागीबाई आपल्याच तंद्रीत. "सप्त्यात बुवांनी सांगितलं, देव हरणाच्या मागं धावले तिथंच घात झाला. अन् हे पाखरू पंख तुटेस्तोवर रावणाशी झुंजलं. माझ्या डोळ्याचं पाणी खळंना बाबा. म्हटलं, माझी कपिला याच्याच मुखी पडू दे. ल्योक म्हणत होता पुरून टाकू. मी ऐकलं नाय."

"बुवांचं खरंय. पण आज मान हरणालाच हाय." धोंडीराम हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. "माझा साडू येवल्याकडं काळविटांवर राखणदार. तीबी थोडीच उरलीत. पण गवत-पाणी मिळालं की त्यांचं भागतं, अन् शिंगांचे फोटो काढायला नाशकातून गाड्या येतात. हितं आले की नाकाला रुमाल. ते जाऊ द्या. सुईचं सांगा."

"टोचली ना. तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ, दुखण्यावरची. तडफडत होती. डोळ्यांनी कशी बघू?"

धोंडीरामनं ट्रॉलीची फळी परत लावली. "ते औषध मेल्यावरबी मांसात राहतं, मावशी. खाल्लं की दोन-चार दिवसांत पाखरू मान टाकतं. निम्मं आभाळ भरायचं यांनी. अशीच गेली."

"मग यांना चालतं तरी काय?"

"ज्याच्यावर कुणी जीव लावला नाय, ते ढोर."

भागीबाईनं ट्रॉलीतलं खोरं ओढून काढलं.

माळाखालच्या मुरमात दोघांनी खड्डा खणला. गाय काठावर आणली तशी दोन गिधाडं खाली उतरली, मग पाच. रोज सकाळी ज्यांची मोजदाद करायची, त्यांनाच धोंडीराम ढेकळं मारू लागला. भुकेली पाखरं हटेनात. एकानं तर गायीच्या पोटावर पाय रोवला.

भागीबाईनं पदर खोचला. वाकून चांगला मुठीएवढा दगड उचलला आणि नेम धरून मारला.

"उपाशी जा," ती म्हणाली, "पण जिती जा."