रोह्याहून आलेला निरोप

पेणजवळच्या मिठागरावर राबणाऱ्या नामीबाईच्या तिशीतल्या मुलाच्या, हिराजीच्या डोक्यावर परिणाम झाला होता. १९९२ साली औषधासाठी रोह्याला नेलं, तेव्हा एसटी स्टँडवरून तो कुठे निघून गेला, ते कुणालाच कळलं नाही. चार वर्षांनी पोलिसांचा निरोप आला. रोह्यात नदीकाठी भटकणारा एक वेडसर माणूस मेलेला सापडला होता.

सरकारी दवाखान्याच्या शवागारात प्रेतावरची चादर बाजूला झाली. नामीबाईने चेहरा नीट पाहिला.

“नाय, ह्यो माझा हिरा नाय.”

सुटल्यासारखी ती दारापर्यंत गेली आणि थांबली.

“मंग याला कोन नेनार?”

“बेवारस आहे. आम्हीच उरकू,” हवालदार म्हणाला.

ती परत येऊन त्याच्या उशाशी बसली.

“मी करते याचं.”

हवालदाराने कागद ओढला. “मावशी, नातं काय लिहू?”



“आई लिवा.”