कोबीचे कल्ले

"तुलाच काय, कुणालाच पटायचं नाही," म्हातारा खोलीत शिरता शिरताच म्हणाला, "पण आज सशाने टोप घातला होता."

पलंगावरच्या म्हातारीने भिंतीकडे केलेलं तोंड वळवलं नाही. उशाशी सुपाची वाटी तशीच होती, वर तवंग गोठलेला.

"केसांचा टोप गं." त्याने स्टूल ओढून बूड टेकलं. "ससे येऊ नयेत म्हणून तू वाफ्यांभोवती माझ्या सलूनमधले केस पसरायचीस ना? त्याच केसांचा. पुढून कुरळा, मागून सरळ. कुरळे त्या गणिताच्या मास्तरांचे, मी लगेच ओळखले. म्हटलं, राजे, हे डोकं माझ्या हाताखालून गेलंय. तर त्याने टोप काढून मला नमस्कार केला, परत डोक्यावर चढवला आणि कोबी खायला लागला."



म्हाताऱ्याने जन्मभर सलून चालवलं ते थापांवर. समोरचं दुकान स्वस्त होतं, तरी गिऱ्हाईक याच्याच खुर्चीत यायचं. गळ्यावर वस्तरा असताना 'खोटं' कोण म्हणणार? त्यामुळे थापा खतपाणी घातल्यासारख्या फोफावल्या. घरात म्हातारी त्या ऐकून न ऐकल्यासारखं करायची. तिचा जीव परसातल्या भाजीत होता आणि वैर सशांशी. अंथरुणातून उठायची तीच मुळी त्यांना शिव्या घालायला. तारा ठोकायची, डबे बडवायची, आणि एखाद्या दिवशी ससा फिरकलाच नाही तर दुपारपर्यंत धुसफुसायची.

आजारी पडल्यावरही ती भिंत धरून खिडकीशी यायची. "मेल्यांनी आज काय फस्त केलं?" विचारायची, ऐकून पेटायची, आणि त्या तावातावात चार घास पोटात जायचे. डॉक्टरांची औषधं त्या चार घासांच्या जिवावर चालली होती.

मग कुंपणापलीकडच्या पडीक जागेत खोदाईचं यंत्र आलं. बांध सपाट झाला, बिळं बुजली. ससे गेले ते गेलेच.

तेव्हापासून ती जागी व्हायच्या आत म्हातारा स्वतःच वाफ्यात उतरत होता. ससा पान तिरकं आणि साफ तोडतो, हे तिनेच एकदा बोट लावून दाखवलं होतं. तो जुना वस्तरा घेऊन जायचा, गुडघे धरून बसायचा आणि तिच्या हातची भाजी कापायचा. तिरकी आणि साफ. मग हात धुऊन आत यायचा आणि सशांच्या नावाने ठणाणा करायचा.

ते बरेच दिवस चाललं; खिडकीशी आली तरी तिची नजर वाफ्यांवरच असायची, पलीकडे जायची नाही. हल्ली ती खिडकीशी येईनाशी झाली होती, आणि कालपासून तर शिव्याही देईना. डॉक्टर काल दारातच हळू आवाजात बोलले होते, "काहीतरी पोटात जाऊ द्या, आजोबा. नाहीतर माझ्या येण्याला अर्थ उरणार नाही."

"अगं, ऐक तरी," म्हातारा स्टुलावरून पुढे सरकला. "एकटा नव्हता तो. बायको होती, मेहुणे होते, पोरांचं लटांबर होतं. तारेला ओढणी वाळत घातली होती त्यांनी. त्याची बायको मला म्हणते कशी, घरच्या बाई दिसत नाहीत हल्ली. त्यांच्या शिव्या कानावर पडल्याशिवाय कोबी अळणी लागतो."  त्याने वाटीवरचा तवंग चमच्याने बाजूला केला. "मी शब्द दिलाय, आज येईल म्हणून. सशांपुढे माझं नाक कापू नकोस."



त्याने पुढची थाप शोधली. सापडेना. गिऱ्हाईक खुर्चीत, फेस सुकत चाललेला आणि जिभेवर एक शब्द नाही, असं त्याचं कधी झालं नव्हतं. तो उठला, परसात गेला आणि सकाळीच कापलेलं कोबीचं एक कोवळं रोप मुळासकट उपटून घेऊन आला. चादरीवर माती सांडली. एरवी एवढ्यावरून तिने घर डोक्यावर घेतलं असतं.

"हे घे. बघ काय केलंय मेल्यांनी. आता तरी बोल काहीतरी."

बऱ्याच वेळाने तिचा हात मागे आला. बोटांनी रोप चाचपलं. मग ती कुशीवर वळली आणि तिने ते खिडकीच्या उजेडात धरलं. कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. रोप उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"जरा बसतं करा मला."

त्याने पाठीमागे हात घातला. हाताला वजन असं लागलंच नाही. उशी लावता लावता तो घाईघाईने म्हणाला, "बघितलंस ना? सगळं त्या टोपवाल्याचं काम. दातच तसे आहेत त्याचे, माझ्या वस्तऱ्यालासुद्धा अशी धार नाही."

"अहो," ती म्हणाली, "ससा एका अंगाने खात सुटतो. पोट भरलं की उरलेलं तसंच टाकून जातो. याचे दोन्हीकडचे कल्ले सारखे केलेत."

म्हाताऱ्याने सदऱ्याचा खिसा वरून दाबून धरला. वस्तरा अजून आतच होता.

ती खिडकीबाहेर बघत होती. वाफे ओळीने सारखे भादरलेले होते आणि पलीकडे बांध नव्हता.

"खोटं," ती म्हणाली.

जन्मभरात त्याला तोंडावर असं कुणी म्हटलं नव्हतं. तो मान खाली घालून उभा राहिला.

तिने रोप मांडीवर ठेवलं आणि वाटीकडे हात केला. वाटी त्यालाच धरावी लागली. एक चमचा आत गेला. दुसरा तिने अडवला.

"उद्या जरा वेडंवाकडं कापा," ती म्हणाली.