दुसरी खुर्ची

रक्तपेढीतल्या मोठ्या बाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि आज सकाळी त्यांनी रक्ताची एक पिशवी परत पाठवली होती. 'पुन्हा कर. डोकं ठिकाणावर ठेव,' असा शेराही मारला होता.

हे किल्लीवाल्यांना त्यांच्या मदतनिसानं सांगितलं. किल्लीवाले म्हणजे रुग्णालयातल्या सगळ्यांची संगणकावरची खाती सांभाळणारे गृहस्थ. कुणी काय पाहायचं आणि कुठलं बटण दाबायचं, हे त्यांच्या हातात. मदतनीस म्हणजे त्यांच्या संगणकातला एआय. साध्या भाषेत काम सांगितलं की तो मुकाट्यानं करी, उलट उत्तर देत नसे, त्यामुळे किल्लीवाल्यांचा त्याच्यावर घरच्यांपेक्षा जास्त जीव होता. आज त्यांनी नोकरी सोडून गेलेल्यांची आणि जग सोडून गेलेल्यांची खाती बंद करायला सांगितली होती. तो भराभर बंद करत गेला आणि मोठ्या बाईंच्या खात्याशी अडला. हे खातं रोज वापरात आहे, त्यानं कळवलं, रक्तपेढीतल्या तंत्रज्ञ ताईंच्याच संगणकावरून. नियमाप्रमाणे बाईंचं आणि ताईंचं, दोन्ही खाती बंद करून वर कळवू का?

रक्तपेढीत एकानं रुग्णाचं रक्त पिशवीतल्या रक्ताशी जुळवायचं, दुसऱ्यानं ते पहिल्यापासून तपासायचं आणि मगच पिशवी सोडायची. दोन माणसं, दोन खाती. दोन्ही बटणं एकच माणूस दाबत असेल तर तो कुणाच्या तरी जिवाशी खेळ होता, आणि ताईंची नोकरी तर गेल्यातच जमा होती. थांब, असं लिहून किल्लीवाले जिना उतरले.

रक्तपेढीत ताई एकट्याच होत्या, कामात गढलेल्या. त्यांनी नळ्या जाळीत ठेवल्या, नोंद केली आणि उठल्या. हात धुतले. टेबलाला वळसा घालून समोरच्या खुर्चीत जाऊन बसल्या. त्या खुर्चीवर लोकरीची जुनी उशी होती. त्यांनी संगणकाचा पडदा आपल्याकडे फिरवला, नुकतीच जुळवलेली पिशवी हातात घेतली आणि परक्या माणसाचं काम तपासावं तशी कपाळाला आठ्या घालून बघायला लागल्या. ते पाहून किल्लीवाले दारातून आत आले.

विचारल्यावर ताईंनी काही लपवलं नाही. बाई गेल्या, जागा भरली नाही. अधीक्षकांकडे अर्जावर अर्ज केले, तोंडी सांगून झालं. शस्त्रक्रिया काही कुणासाठी थांबत नाहीत. बाईंचा पासवर्ड त्यांच्या आजारपणापासून ठाऊक होताच.

"पण सकाळी पिशवी परत कुणी पाठवली?"

"बाईंनी," ताई म्हणाल्या आणि ओशाळल्या. "म्हणजे मीच. तिकडं बसून घाईत केलं होतं. इथं बसल्यावर चूक दिसली. बाईंनी सोडली नसती."

किल्लीवाल्यांना गलबलून आलं. तरी बोलायचं ते ते बोलले. "ताई, तुमची प्रत्येक चूक तुम्हालाच सापडेल असं नाही."

"माहीत आहे. घरी गेल्यावर घास उतरत नाही कधी कधी." ताईंनी पिशवी खाली ठेवली. "बाईंचं खातं बंद करा दादा. माझ्या हातून झालं नसतं."

वर आल्यावर किल्लीवाल्यांनी मदतनिसाला विचारलं, या कामाचं शिक्षण असलेलं दुसरं कुणी आपल्याकडे आहे का? त्यानं एकच माणूस शोधला, लघवी तपासणीतले काका. आधीच्या नोकरीत त्यांनी रक्तपेढी सांभाळली होती. इथं त्यांच्या खात्याला फक्त लघवीपुरता अधिकार होता आणि हळूहळू लोकही त्यांना तेवढंच समजू लागले होते.

मग किल्लीवाल्यांनी सगळं अधीक्षकांच्या कानावर घातलं. अधीक्षक आधी कडाडले. ताईंचे अर्ज कुणाच्या टेबलावर पडून आहेत, हे अदबीनं विचारल्यावर त्यांचा आवाज खाली आला. ताईंना लेखी समज मिळाली, काकांना नवा अधिकार. बाईंचं खातं बंद करू का, असं मदतनिसानं विचारलं, तेव्हा किल्लीवाल्यांनी त्याला राहू दे म्हटलं आणि तेवढं एक काम स्वतःच्या हातानं केलं.

दुपारी काका कुरकुरत आले. या वयात नवी लचांडं कशाला, आमचं काय वाईट चाललं होतं, असं म्हणत ते बाईंच्या खुर्चीतल्या उशीवर ऐसपैस बसले. आता त्यांच्यापुढं त्यांचा वेगळा संगणक होता. तो नीट चालतोय का हे बघायला किल्लीवाले उभे होते. ताईंनी नळ्या जाळीत ठेवल्या, नोंद केली आणि सवयीनं उठल्या.

"कुठं निघालात?" काकांनी चष्म्यावरून पाहिलं.

ताई परत खाली बसल्या. काकांनी पिशवी उलटीपालटी केली, नळी उजेडात धरली, नोंद वाचली, पुन्हा वाचली. ताई आपल्या हातांकडे बघत होत्या. मग ताईंच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली. पिशवी परत. नळीवरच्या रुग्ण क्रमांकाचा शेवटचा आकडा एक की सात? नवा नमुना मागवा.

पहिल्याच दिवशी हे, किल्लीवाल्यांच्या मनात आलं. आता ताईंना लागणार. पण ताई पदरानं डोळे पुसत हसत होत्या.

"परत पाठवली," त्या म्हणाल्या. "दादा, यांनी परत पाठवली."