सगळं दिसतं

बरीच अ‍ॅप फुकटात वापरून पाहिल्यावर वेबसाइट बनवून देणाऱ्या कोल्बीने शेवटी एक पक्कं केलं. वेबसाइटचं काम कुठवर आलंय ते गिऱ्हाइकाला त्यात घरबसल्या दिसायचं. डुलुथला गोधड्यांचं दुकान चालवणारी म्हातारी इंगा आपल्या वेबसाइटवरच्या एका बटणाच्या रंगासाठीसुद्धा त्याला फोनवर फोन करायची. त्याने सगळ्यात आधी तिलाच लिंक पाठवली.

आठवडाभर तिचा फोन नाही. मग त्यानेच लावला.

"उघडून बघितलंत का? सगळं दिसतंय ना?"

"हो रे, सगळं दिसतं. छान आहे."

"काही विचारायचं असेल तर सांगा."

"नाही, नाही. तू कर तुझं काम. मीच आपली उगाच मध्ये मध्ये यायचे."

कोल्बी खूश झाला. अ‍ॅप निवडावं तर असं. तिला ते कसं दिसतं, म्हणून सहज त्याने तिच्या बाजूचं पान उघडलं.

वर तिचं नाव होतं. नावाला चिकटून, त्याने फक्त स्वतःसाठी म्हणून लावलेली लाल पट्टी होती: 'डोकं खाते'.

खाली शंकांच्या चौकटीत इंगाने लिहिलं होतं, 'एक विचारायचं होतं. पण राहू दे.'