डावा पाय

कंडक्टर आला तेव्हा ड्रायव्हर खिडकीशी बसला होता. डावा पाय स्टुलावर, खाली उशी. घोट्याच्या पुढच्या बाजूने सरळ उतरलेला टाक्यांचा व्रण, आणि भोवती सूज.

"काय पायलट, गाडी अजून गॅरेजमध्येच?"

"ये मास्तर," ड्रायव्हर म्हणाला. हसला मात्र नाही.

दोघांनी सगळी नोकरी एकाच बसवर काढली होती. बस भंगारात गेली, हे दोघं निवृत्त झाले, हाका तेवढ्या त्याच राहिल्या.

ड्रायव्हरच्या बायकोने चहा आणला आणि उभ्याउभ्याच गाऱ्हाणं मांडलं. "भावजी, आता तुम्हीच सांगा यांना. आख्खा घोटा नवा बसवला. डॉक्टर म्हणतात, झकास बसलाय, चालायला लागा. वॉकर सुटला, काठी आली. आणि हे? खुर्ची ते न्हाणीघर, न्हाणीघर ते खुर्ची. असंच चाललं तर सांधा आखडून बसेल म्हणतात."

"त्यांच्या फोटोत झकास बसलाय," ड्रायव्हर म्हणाला. "माझ्या पायात नाही."

ती आत गेली. कंडक्टरने खुर्ची जवळ ओढली. "फार दुखतं?"

ड्रायव्हरने पायाकडे बघितलं. "आधीचं दुखणं माझं होतं रे. कधी उठणार, कधी गप बसणार, मला ठाऊक असायचं. हे नवीन भाडेकरूसारखं आहे. वेळ नाही, काळ नाही. सकाळी पाय टेकला की आतून कुणीतरी पाना आवळतंय."

"चल, कोपऱ्यावरच्या स्टॉपपर्यंत जाऊ. बाकडं आहे तिथं."

"नको. रस्त्यात पाय मुडपला तर तमाशा."

कंडक्टरने वाद घातला नाही. चहा संपवला, कप हातात धरला आणि चमच्याने त्यावर दोनदा मारलं. टिंग टिंग.

डबल बेल मिळाल्यावर थांबून राहणं ड्रायव्हरला कधी जमलंच नव्हतं. तो अर्धा उठला. उठल्यावर काय झालं ते त्याच्या लक्षात आलं.

"लबाड आहेस," तो म्हणाला, आणि काठीसाठी हात पुढे केला.

कोपरा जवळच होता, तरी बराच वेळ लागला. कंडक्टर अर्धं पाऊल मागे चालत होता; हात पुढे, पण न लावता. ड्रायव्हर दात आवळून चालला. बाकड्यावर टेकतो न टेकतो तोच बस आली आणि दार त्यांच्यासमोरच उघडलं. स्टिअरिंगवर एक तरुण मुलगी होती.

"येताय ना काका? सावकाश या, मी थांबते."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बसची फरशी फुटपाथला जवळजवळ टेकलेली होती. ड्रायव्हरने काठी आत टाकली, चांगला पाय टेकला, मग दुसरा ओढून घेतला. ओठ पांढरे पडले. पण तो आत होता.

पुढच्या सीटवरच्या बाईने पिशवी उचलली आणि ती सीट दोघांना मोकळी करून दिली. कंडक्टर दाराजवळच्या यंत्राशी झटापट करून दोन तिकिटं घेऊन आला. "आयुष्यभर लोकांची फाडली, आज स्वतःची काढली," तो म्हणाला आणि शेजारी बसला.

बस निघाली. ड्रायव्हर मान उंच करून काचेतून समोर बघू लागला.

"इथं बेकरी होती," तो म्हणाला. "पहाटेच्या फेरीला तो म्हातारा खिडकीतून गरम पाव द्यायचा."

"तुला. मला कधी मिळाला नाही."

"तू मागे असायचास. मी काय करू?" ड्रायव्हर आता हसला. "आणि थंडीत आठवतं? माणसं इंजिनाच्या झाकणावर हात शेकायची. ती नर्स, रात्रपाळी करून यायची, डोकं टेकून तिथंच झोपायची. तिचा स्टॉप आला की मी मुद्दाम हॉर्न द्यायचो."

"आणि तिला वाटायचं, आपल्याला आपोआप जाग येते."

पुढे वळण आलं, मग चढ. बसचा वेग मंदावला. कंडक्टरचं लक्ष खाली गेलं.

ड्रायव्हरचा डावा पाय हलत होता. चवडा फरशीवर दाबला जात होता, थोडा थांबत होता, मग अलगद वर येत होता. चढावर पुन्हा. सिग्नलला पुन्हा. या बसला क्लच नव्हताच. त्या मुलीचा डावा पाय निवांत पडून होता. पण तिच्या मागच्या सीटवर प्रत्येक गिअर वेळेवर पडत होता.

पाय दाबला जाई तेव्हा ड्रायव्हरच्या कपाळावर आठी उमटे. घामही आला होता. नजर मात्र रस्त्यावरून हलली नव्हती.

"पायलट, दुखतंय ना?" कंडक्टरने हळूच विचारलं.

"चांगलंच."

"मग जरा थांबव की पाय. आराम दे."

"वेडा आहेस का," ड्रायव्हर समोर बघतच म्हणाला. "भर चढावर पाय काढला तर गाडी बंद पडेल."