सोडणारा माणूस

बँकवाल्याचा हात मॅटवर जेमतेम दोनदा आपटला असेल, तेवढ्यात केमिस्टनं त्याची मान सोडलीसुद्धा.

“अरे, धड टॅप तरी करू दे की मला!” बँकवाला धापा टाकत म्हणाला. “तू आधीच सोडतोस. मग मी हरलो ते मलाच कळत नाही.”

सगळा हॉल हसला. भिंतीला टेकून बसलेले सरही हसले. हाच माणूस, त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

सरांचा डावा हात कोपरात पुरता सरळ होत नसे. वीस वर्षांपूर्वी एका स्पर्धेत त्यांनी तीनदा टॅप केलं होतं आणि समोरच्यानं सोडलं नव्हतं. कट्‌कन आवाज आला, आणि खेळाडू म्हणून सरांचं जे काही व्हायचं होतं ते तिथंच आटोपलं. तेव्हापासून त्यांच्या जिउ-जित्सूच्या क्लासात एकच नियम: समोरच्यानं हातानं थोपटून टॅप केलं, म्हणजे हार मानली, की सोडायचं. बाकी सगळं माफ. उशिरा या, आळस करा, पोट सुटू द्या, सर काही म्हणायचे नाहीत. पण टॅप झाल्यावर क्षणभर जरी जास्त धरलंत, तर चपला घाला आणि चालू पडा. तिघांना त्यांनी असं घालवलं होतं. त्यातला एक त्यांचा सख्खा भाचा, आणि त्यापायी बहीण अजून बोलत नव्हती.

आता बायकांची वेगळी बॅच निघायची होती. सरांच्या कोपराला दोन-दोन बॅचेस झेपणार नव्हत्या, तेव्हा शिकवायला दुसरं कुणीतरी हवं होतं. नावं दिलेल्या सातजणींच्या वतीनं त्यांच्यातल्याच एक, शाळेत शिकवणाऱ्या बाई बोलायला आल्या. बाईंनी आडपडदा ठेवला नाही.

“सर, आमच्यातल्या दोघी पुरुषानं नुसता हात लावला तरी दचकतात. का, ते विचारू नका. मोठ्या हिमतीनं यायला तयार झाल्यात बिचाऱ्या. आम्हाला कुणी चँपियन नको. सोडणारा माणूस द्या.”

“माझा शब्द,” सर म्हणाले.

आणि सोडणारा माणूस म्हणजे केमिस्ट, यात क्लासात दुमत नव्हतं. चाळिशी उलटल्यावर आलेला हा औषधांच्या दुकानाचा मालक. पाच वर्षांत एक दिवस चुकला नाही. मागून गळ्याभोवती हात घालून आवळायचा डाव त्यानं इतका घोटला होता, की सर नवख्यांना म्हणायचे, त्याच्याकडे बघा. क्लास सुटल्यावर थांबून विचारायचा, “सर, कोपर आणखी खाली घेऊ का? मानेवर वळ उठायला नको.”

सरांना कोण कौतुक! जोर काय, सगळेच लावतात. समोरच्याच्या कातडीची काळजी किती जण करतात? सरांनी त्याला कोपर कुठं घ्यायचं, मनगट कसं वळवायचं, सगळं हातचं न राखता शिकवलं. त्यातून त्याच्या बॅगेत मलमाची ट्यूब कायमची. कुणाचं अंग काळंनिळं झालं, की स्वतः लावून द्यायचा. “तिसऱ्या दिवशी डाग दिसणार नाही. अनुभवानं सांगतो.”

नवा पट्टा मिळाला की तो घरच्या माणसानं कमरेला बांधायचा, ही क्लासाची रीत. पण केमिस्टच्या घरचं कुणी आजवर इकडे फिरकलं नव्हतं. “तिला यातलं काही आवडत नाही, सर,” एवढंच तो म्हणायचा. आता त्याला पुढचा पट्टा मिळायचा होता, तेव्हा सरांनी परस्पर त्याच्या घरी फोन लावला.

पलीकडून वहिनींचा आवाज इतका घोगरा आला, की सरांना आधी चुकीचा नंबर वाटला.

“घसा बसलाय,” त्या म्हणाल्या. “यांना विचारून सांगते.”

“त्याला कशाला विचारता? गंमत करू जरा. शनिवारी सकाळी या.”

 मग वहिनींनी विचारलं, “तिथं खूप लोक असतात का?”

“चिक्कार!”

“येते,” त्या म्हणाल्या.

शनिवारी त्या आल्या. पर्स पोटाशी धरून दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. केमिस्टनं त्यांना पाहिलं आणि तो जरासा गडबडला. मग मोठ्यानं हसला. पट्टा बांधताना वहिनींच्या हातून गाठ दोनदा सुटली.

“वहिनी, सावकाश! तो काही पळून जात नाही,” बँकवाला ओरडला.

सरांनी बायकांच्या बॅचची घोषणा केली. टाळ्या पडल्या. शाळेतल्या बाईंनी दुरूनच सरांना हात जोडले. सरांना इतकं बरं वाटलं, की त्यांना राहवेना.

“वहिनी, पहिल्या विद्यार्थिनी तुम्हीच! दाखव रे त्यांना तुझा डाव.”

“राहू द्या, सर,” केमिस्ट म्हणाला. “तिला नाही जमायचं.”

वहिनींनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा भरलेल्या हॉलकडे. मग चपला काढल्या, पर्स खुर्चीवर ठेवली आणि मॅटवर जाऊन बसल्या. केमिस्टचा आता नाइलाज झाला. तो मागे बसला आणि त्यानं हलकेच हात पुढे आणला.

हात गळ्यापर्यंत पोचलाच नाही. त्याआधी वहिनींची हनुवटी छातीला चिकटली होती, दोन्ही हातांनी त्याचं मनगट पकडलं होतं आणि खांदा बरोबर हवा त्या बाजूला वळला होता.

“आयला!” बँकवाला उठून उभाच राहिला. “हे शिकायला मला दोन वर्षं लागली! घरी शिकवणी घेतोस होय रे, लबाडा?”

“थोडीफार,” केमिस्ट म्हणाला.

सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. सर खुशीत पुढे झाले आणि वहिनींसमोर गुडघे टेकून बसले.

“वा, वहिनी! पण एवढी झटापट कशाला? सगळ्यात सोपं तेच यानं शिकवलं नाही वाटतं. हातानं असं दोनदा थोपटायचं, की झालं. तो लगेच सोडतो.”

वहिनींनी मनगटावरची पकड ढिली केली नाही. बसलेल्या घशातून, जेमतेम सरांना ऐकू जाईल इतक्या आवाजात त्या म्हणाल्या,

“करून बघितलंय. नाही सोडत.”