डोळा लागतो

"वर बघा. खाली बघा. आता सरळ," डॉक्टर म्हणाले. "डोळे ठणठणीत आहेत तुमचे. माझ्यापेक्षा चांगले."

हे ऐकून कुणीही खूश झालं असतं. फाटकवाला मात्र झाला नाही. यंत्राच्या पट्टीवर टेकवलेली हनुवटी न उचलताच तो म्हणाला, "डोळ्यांची तक्रार नाहीच साहेब. मी अर्जात लिहिलंय, कामावर डोळा लागतो."

डॉक्टरांनी अर्ज दिव्याखाली धरला. अर्जात तसंच होतं. घोळ कचेरीतल्या कारकुनाने घातला होता. 'डोळा लागतो' असं वाचून त्या भल्या माणसाने 'डोळ्याला लागले' अशी नोंद केली आणि रेल्वेच्या फाटकवाल्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे धाडलं. कागद एकदा सरकारी वाटेला लागला की त्याला मागे फिरवणं ब्रह्मदेवाच्या बापालाही जमत नाही. अपंगत्वाची निवृत्ती मिळणार की नाही, हे आता याच डॉक्टरांच्या शेऱ्यावर होतं.

"म्हणजे झोप लागते," डॉक्टर म्हणाले. "अहो, सरकारी नोकरीत झोप लागणं हा आजार कधीपासून झाला? तसं असेल तर आधी त्या कारकुनाला घरी बसवावं लागेल."

"त्याच्या झोपेने कुणी मरत नाही साहेब."

फाटकवाला सांगू लागला. ही झोप सांगून येत नाही. बोलता बोलता येते, जेवता जेवता येते, उभ्या उभ्याही येते. गाडी निघाली की स्टेशनातून घंटा वाजते. घंटा झाली की चाक फिरवून फाटक लावायचं आणि फोनवर तसं कळवायचं, एवढंच त्याचं काम. पण त्या रस्त्याने शाळेतली पोरं जातात. घंटा वाजली आणि आपण नेमके झोपेत असलो तर, या विचाराने त्याला घास गोड लागत नव्हता.

डॉक्टरांनी त्याच्या नोकरीची नोंद चाळली. "इतक्या वर्षांत एकदाही फाटक उघडं राहिलेलं नाही. एक तक्रार नाही, एक चूक नाही. ही काय झोपाळू माणसाची नोंद आहे?"

या प्रश्नाचं उत्तर फाटकवाल्यापाशी होतं, पण ते दिलं असतं तर नोकरीही गेली असती आणि निवृत्तीही.

"आजवर देवाने सांभाळलं साहेब," तो शेवटी म्हणाला. "आता देवही थकलाय."

"देव कसला थकतोय. शेरा 'कामास योग्य' असाच जाणार. सोमवारी हजर व्हा." डॉक्टरांनी तसं लिहिलंसुद्धा. मग कोपऱ्यातल्या स्टुलाकडे वळून ते म्हणाले, "बाई, पेंगायचं असेल तर बाहेर बाकावर बसा. नवऱ्याचा आजार तुम्हालाही जडला का?"

फाटकवाल्याची बायको दचकून सावरून बसली. बसमध्ये नवऱ्याला जाग राहणार नाही म्हणून ती सोबत आली होती. पिशवी मांडीवर घट्ट धरून ती म्हणाली, "नाही, नाही. मी जागीच आहे." आणि म्हणता म्हणता तिच्या पापण्या पुन्हा खाली आल्या.

"बाहुली मोठी करायचं औषध घातलंच आहे, तर डोळ्याचा आतला पडदा तेवढा बघून घेतो," डॉक्टर म्हणाले. त्यांनी दिवे मालवले.

खोलीत नुसता एक हिरवा ठिपका उरला. डोळ्यांतल्या औषधाने तो ठिपका पसरला, पातळ झाला, पाण्यासारखा भिंतीभर झाला. फाटकवाल्याने एकदा नको नको म्हटलं, पण ते मनातच. मग तो त्या हिरव्यात उतरला. रूळ गवतात बुडाले होते. त्यांच्यावरून गाडी येत होती, चाकांचा जरासुद्धा आवाज न करता, होडी यावी तशी. खिडक्यांतली माणसं झोपलेली होती. रस्त्यावरून पोरं दप्तरं उडवत येत होती. त्याला धावायचं होतं, पण पाय हलत नव्हते. आणि फाटक आपोआप, हळूहळू खाली आलं. त्याच्या स्वप्नांत ते नेहमीच आपोआप खाली येई.

"अहो," डॉक्टरांनी हाक मारली. "अहो, फाटकवाले." हनुवटी पट्टीवर तशीच होती. तोंड जरासं उघडं होतं. डॉक्टर हसले. "झोपलेल्याला उठवता येतं. सोंग घेतलेल्याला कोण उठवणार?"

त्यांनी दिवे लावले आणि पुढच्या माणसाला आत बोलावण्यासाठी टेबलावरची घंटा दाबली.

कोपऱ्यात पिशवी जमिनीवर पडली. बायको उठून उभी राहिली होती. तिचे डोळे मिटलेले होते. तिने दोन्ही हात पुढे केले आणि हवेतच एक जड चाक फिरवायला सुरुवात केली. खांदे वाकवून, दम लावून, पुरतं अडेपर्यंत फिरवलं. मग शेजारी नसलेला फोन उचलून कानाला लावला आणि घोगऱ्या, पुरुषी आवाजात म्हणाली, "फाटक लावलं, साहेब."

फोन जागेवर ठेवून ती तिथेच उभी राहिली, किंचित झुलत, अजून झोपेतच. हाताची बोटं मात्र चाक धरल्यासारखी वळलेली होती.

डॉक्टरांची नजर नोकरीच्या त्या बिनचूक नोंदीवर गेली. ही गोष्ट वर कळली असती तर नवराबायकोची धडगत नव्हती. दार ढकलून पुढचा माणूस आत येऊ लागला, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं. मग पेन उचललं आणि शेऱ्यातल्या 'योग्य'च्या आधी एक 'अ' लिहिला. खाली सही केली.

बाई अजून उभ्याच होत्या. डॉक्टर पाय न वाजवता त्यांच्याजवळ गेले.

"गेली गाडी," ते हळूच म्हणाले. "आता निजा तुम्ही."